यादीतला आहेर आणि काना गावचे लग्न



उपवासकाळ संपला, पुनरुत्थानाचा सण झाला, की आपल्याकडे लग्नांची गडबड सुरू होते. रविवारी मिस्सेच्या शेवटी वेदीवरून लग्नाच्या घोषणा वाचल्या जातात आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पत्रिका येते. पत्रिकेवर क्रूस असतो, दोन कबुतरे असतात, पवित्र शास्त्रातले एक वचन असते. अलीकडे या सगळ्याच्या खाली आणखी एक ओळ दिसू लागली आहे: आमच्या पसंतीच्या भेटवस्तूंची यादी इथे पाहा. त्या ओळीवर बोट ठेवले की दुकान उघडते. मिक्सर, एअर फ्रायर, जेवणाचे टेबल, प्रवासाच्या बॅगा. प्रत्येक वस्तूपुढे किंमत आणि किंमतीपुढे ‘मी देईन’ असे बटण. याला गिफ्ट रजिस्ट्री म्हणतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला शेवटपर्यंत अंदाज बांधत बसायला नको. ही यादी आपल्या लग्नपत्रिकांवरून गेली पाहिजे. आणि जी यादी करायला देशाचा कायदा चाळीस वर्षांपासून सांगतो आहे, ती आपण प्रत्येक लग्नात केली पाहिजे. आज आपण नेमके उलटे करतो. मागण्याची यादी हौसेने बनवतो आणि मिळाल्याची यादी कुणी काढली तर त्याला संशयी म्हणतो.

आणखी एक गोष्ट कबूल करते. मागण्याची अशी एक यादी मी स्वतः बनवली आहे.

माझ्या भाचीचे लग्न होते. दोघेही नोकरीला, भाड्याचे दोन खोल्यांचे घर. ती म्हणाली, “मावशी, सगळे तेच तेच देतात गं. आईच्या लग्नातले लेमन सेट अजून माळ्यावर पडलेत.” मला पटले. आमच्या लग्नात भिंतीवरची चार घड्याळे आली होती. त्यातली दोन आम्ही पुढे दुसऱ्यांच्या लग्नात दिली आणि एकाच्या खोक्यातली मूळ देणाऱ्याची चिठ्ठी काढायची राहून गेली. ती फजिती घरात अजून निघते. तर रात्री बसून आम्ही दोघींनी वीस वस्तूंची यादी केली. मी स्वतःला शहाणी समजत होते, म्हणून त्यात मुद्दाम स्वस्त वस्तू घातल्या. टॉवेल, कपबश्या, पोळपाट-लाटणे, मसाल्याचा डबा. कुणाला जड जाऊ नये हा हेतू.

दोन दिवसांत स्वस्त वस्तू सगळ्या संपल्या. कुणी घेतल्या? ज्यांच्या हातात सतत फोन असतो, ज्यांना बसल्या जागी पैसे भरता येतात, त्यांनी. चांगल्या पगाराची माणसे पाचशेच्या कपबश्या घेऊन मोकळी झाली. त्यांचीही चूक नाही, समोर जे दिसले ते त्यांनी उचलले. पण ज्यांना गटावरचा निरोप मुलाकडून वाचून घ्यावा लागतो ती माणसे यादीपाशी पोचली, तेव्हा तीन हजारांच्या खाली काही शिल्लक नव्हते.

आमच्या देवळात एक मावशी आहेत. वेदीवरची कापडे धुऊन, इस्त्री करून आणतात. भाची प्रथम कम्युनियनच्या वर्गाला यायला रडायची, तेव्हा तिला हाताला धरून त्याच आणत. लग्नाच्या दिवशी मावशी मिस्सेला आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि आशीर्वाद होताच निघून गेल्या. जेवायला थांबल्या नाहीत. आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी खाटेखालची पेटी ओढली आणि एक गोधडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. जुन्या सुती लुगड्यांची, बारीक टाक्यांची. कामावरून आल्यावर रात्री बसून चार महिने शिवलेली.

मी विचारले, “मग दिली का नाहीत?”

त्या म्हणाल्या, “यादीत नव्हती ना टीचर. मुलाने सगळी वाचून दाखवली. म्हटलं, त्यांना नको असेल.”

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी गरीब विधवेच्या दोन दमड्या शिकवते (मार्क 12:41–44). दरवर्षी शिकवते. प्रभूने त्या बाईला मंदिराच्या दानपेटीपाशी पाहिले. पेटीवर दरपत्रक लावलेले असते, तर ती बाई पेटीपर्यंत पोचलीच नसती. माझ्या यादीने तेच केले.

आता यादीच्या बाजूने जे बोलले जाते ते नीट ऐकू या. तरुण मुले मूर्ख नाहीत, लोभीही नाहीत. पहिला मुद्दा नासाडीचा. नको असलेल्या वस्तूंवर पाहुण्यांचे पैसे जातात आणि घरात अडगळ होते. हे खरे आहे. दुसरा मुद्दा सोयीचा. परगावच्या, परदेशातल्या नातेवाइकांना काय द्यावे ते सुचत नाही, यादीमुळे त्यांचा प्रश्न सुटतो. हेही खरे आहे. तिसरा मुद्दा असा की यादी म्हणजे सक्ती नव्हे. ज्याला हवे तो घेईल, नाही तो आशीर्वाद देईल. हा मुद्दा मात्र कागदावरच खरा आहे. यादी पाठवणाऱ्याला ती सूचना वाटते, पण ज्याचा हात आखडलेला असतो त्याला ती पायरी वाटते. याकोबाने आपल्या पत्रात मंडळीला हेच बजावले. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढची जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायापाशी, असा भेद तुम्ही कराल तर तुम्ही वाईट मनाचे न्यायाधीश झालात (याकोब 2:1–4). त्याने भेद करणाऱ्याच्या हेतूची चौकशी केली नाही. पायापाशी कोण बसले, एवढेच पाहिले.

आणि ही पद्धत कुठून आली, तेही ध्यानात घ्या. शिकागो शहरातल्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानाने 1924 साली ती सुरू केली, असे सांगितले जाते. वधूने आपल्या पसंतीची चिनी मातीची आणि चांदीची भांडी दुकानात नोंदवायची, पाहुण्यांनी तिथूनच घ्यायची. वधूची सोय झाली, पाहुण्याचीही झाली, पण सर्वांत मोठी सोय दुकानाची झाली. लग्नाला येणारा प्रत्येक माणूस त्याचे गिऱ्हाईक ठरला. दुकानाने धंदा करावा, त्यात पाप नाही. पण विवाह हा आपल्या ख्रिस्तसभेत संस्कार आहे, आणि संस्काराच्या आमंत्रणाला दुकानाची चिठ्ठी जोडायची का, हे आपण ठरवायचे आहे.

कुणी म्हणेल, टीचर, पूर्वी सगळे चांगले होते असे म्हणायचे आहे का तुम्हाला? मुळीच नाही. आपल्या आहेराच्या रीतीचे गोडवे मी गाणार नाही. आपल्या इंदूरमध्ये पाकिटातल्या रकमेला ‘व्यवहार’ म्हणतात. शब्दच किती प्रामाणिक आहे बघा! मांडवाच्या दाराशी एक काका वही घेऊन बसतात. नाव, गाव, रक्कम. काही लग्नांत तर रक्कम माइकवरून पुकारली जाते. मग ती वही कपाटात जपून राहते आणि समोरच्याच्या घरी लग्न निघाले की बाहेर येते. त्यांनी आपल्याला पाचशे एक दिले होते, आता आपण सहाशे एक देऊ. यात देणे कुठे आहे? ही तर परतफेड. आणि मानपान, त्याबद्दल तर बोलायलाच नको. कुणाला साडी हलकी गेली, कुणाच्या जावयाला टॉवेल-टोपी राहिली, यावरून वर्षानुवर्षे बोलणी बंद असलेली ख्रिस्ती घरे मला माहीत आहेत. ती दर रविवारी एकाच वेदीपुढे येतात.

प्रभू येशूने या वहीवरच बोट ठेवले आहे. मेजवानी देशील तेव्हा मित्रांना, भावांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस. तेही तुला बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल. गरिबांना, लुळ्यापांगळ्यांना, आंधळ्यांना बोलाव. त्यांच्यापाशी फेडायला काही नाही, म्हणून तू धन्य होशील (लूक 14:12–14). ही शिकवण प्रभूने एका घरी जेवायला बसलेला असताना दिली, आणि पंगतीत मानाच्या जागांसाठी चाललेली ओढाताण तो पाहत होता. आपले मांडव त्याला नवे वाटले नसते.

म्हणजे रोग जुनाच आहे. देण्याचा हिशेब होणे हा तो रोग. रजिस्ट्रीने त्याचा एक अवयव आणखी सुजवला आहे. वहीत निदान रक्कम देणारा ठरवत होता. यादीत ती घेणारा ठरवतो.

आपल्या शेजारच्या झाबुआ आणि अलीराजपूरकडे भिल्ल बांधवांमध्ये ‘नोतरा’ नावाची रीत आहे. घरात लग्न किंवा दुसरी मोठी गरज निघाली की घरमालक गावाला आणि नातलगांना नोतरे, म्हणजे आमंत्रण, देतो. लोक जमतात, आपापल्या परीने पैसे देतात, नोंद होते. देणाऱ्याच्या घरी वेळ येते तेव्हा घेणारा ती रक्कम वर थोडी भर घालून परत करतो. सावकाराचे दार न ठोठावता गरिबाचे लग्न पार पडते. यातही हिशेब आहे, आणि लूकच्या चौदाव्या अध्यायाच्या मापाने मोजले तर ही रीतही अपुरीच पडेल. पण त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, गरज उघडपणे सांगण्यात लाज नाही. दुसरी, गरज सांगायची, किंमत सांगायची नाही. किती द्यायचे ते देणाऱ्याची ऐपत ठरवते. संत पौलाने यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी करिंथकरांकडून वर्गणी गोळा केली, तेव्हा हाच नियम घातला. ज्याने त्याने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, खिन्न होऊन किंवा भाग पडले म्हणून देऊ नये (2 करिंथ 9:7). ज्या देण्यामुळे माणूस खिन्न होतो ते देणे पौलाला नको होते, मग ते कितीही उपयोगी असो.

आता काना गावी जाऊ या (योहान 2:1–11). हा उतारा आपण लग्नाच्या मिस्सेत नेहमी ऐकतो आणि पाण्याचा द्राक्षारस झाला एवढेच घरी नेतो. तो चमत्कार कसा झाला, याकडे लक्ष द्या. घरात काय कमी पडले आहे ते कुणी जाहीर केले नाही. मरियेने ते ओळखले. ती पाहुणी होती, पण तिचे लक्ष आपल्या ताटाकडे नव्हते, यजमानाच्या अडचणीकडे होते. तिने एकाच माणसाला, आपल्या मुलाला, हळूच सांगितले. मग नोकरांना सांगितले. दगडाचे सहा रांजण काठोकाठ भरले. आणि पुढे? भोजनकारभाऱ्याने नवऱ्या मुलाचे कौतुक केले! चांगला द्राक्षारस तू आतापर्यंत राखून ठेवलास म्हणून. देणारा कोण, ते त्याला कळलेच नाही. ज्या नोकरांनी पाणी काढले त्यांना तेवढे ठाऊक होते. मान यजमानाच्या घरात राहिला, देणारा आड राहिला.

म्हणजे गरज कळावी कशी, या तरुणांच्या प्रश्नाला शुभवर्तमानात उत्तर आहे. ते उत्तर म्हणजे लक्ष देणारी माणसे. आपण पाहुण्यांकडून लक्ष देण्याची अपेक्षाच सोडली, म्हणून यादी लागते. ज्या मावशीने गोधडी शिवली, तिला ठाऊक होते की इंदुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री काय थंडी पडते आणि नव्या घरात पांघरूण कमी असते. मी वीस वस्तू लिहिल्या, त्यात पांघरूण नव्हते. मला सुचलेच नाही.

आता अवघड मुद्द्याकडे येते. त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आपण ख्रिस्ती लोक छातीवर हात ठेवून सांगतो, आमच्यात हुंडा नाही. बरे. मग हे वाक्य कुठे ऐकले आहे ते आठवा: “आम्हाला काही नको, जे द्याल ते तुमच्या मुलीलाच.” या वाक्याचा अर्थ मुलीच्या बापाला बरोबर कळतो. आता या वाक्याला नवा आधार मिळाला आहे. मुलाच्या घरून यादीचा दुवा मुलीच्या आईवडिलांना जातो आणि पाठोपाठ निरोप येतो, यातले तुम्ही काय काय बघताय? फ्रिज, वॉशिंग मशीन, एखादी गाडी. तोंडाने कुणी काही मागितले नाही; यादीच बोलली. मित्राने मित्राला मिक्सर देणे म्हणजे हुंडा नव्हे, हे मलाही कळते. पण सोयरिकीतल्या एका घराने दुसऱ्या घरापुढे ठेवलेली यादी ही मागणीच आहे, तिला इंग्रजी नाव दिले म्हणून ती बदलत नाही.

हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 सालचा आहे. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे, आपल्यालाही. हुंडा घेणे आणि देणे हा गुन्हा आहेच, नुसता मागणे हाही वेगळा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. लग्नातल्या भेटवस्तूंना कायद्याने सूट दिली आहे, पण अटींवर. भेट मागणीवाचून दिलेली असावी. ती वधूच्या वतीने किंवा वधूच्या नातेवाइकाने दिलेली असेल तर रीतीला धरून आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने असावी. आणि तिची नोंद एका यादीत झालेली असावी.

होय, यादीत. या यादीचे नियम केंद्र सरकारने केले आणि ते 2 ऑक्टोबर 1985 पासून लागू आहेत. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. ती लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरात लवकर करायची, लेखी करायची. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, आणि तो नातेवाईक असेल तर नाते. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर अंगठा. एवढेच. वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. वहीचे एक पान पुरते.

आपल्यापैकी किती जणांकडे असे पान आहे? माझ्याकडे नाही. 2024 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला या नियमांची अंमलबजावणी होते की नाही असे विचारले. अशी यादी असेल तर पुढे हुंड्याचे खोटे आरोपही टळतील, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे ही यादी मुलीच्या रक्षणाची आहे, तशी मुलाच्याही.

एका मुलीबरोबर मी वकिलाकडे गेले होते. आपल्यातलीच मुलगी. दोन वर्षांनी माहेरी आली ती एका बॅगेनिशी. आजीने घातलेल्या बांगड्या, मामाने दिलेली साखळी, स्वतःच्या पगारातून घेतलेली शिलाई मशीन, सगळे तिकडे राहिले. लग्नात मिळालेल्या वस्तूंवर आणि दागिन्यांवर स्त्रीचा पूर्ण हक्क असतो, सासरच्यांकडे ते केवळ ठेव म्हणून असते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात 1985 सालीच स्पष्ट केले आहे. हक्क आहे. पण वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, “यादी आहे का?” मुलीने माझ्याकडे पाहिले. मी तिच्या लग्नाआधीच्या तयारीचे वर्ग घेतले होते. प्रेम, क्षमा, प्रार्थना, मुलांचे धर्मसंस्कार, सगळे शिकवले होते. हे एक पान शिकवले नव्हते. त्या दिवसापासून ते माझ्या मनावर आहे.

कुणी म्हणतात, लग्नाच्या दिवशी सामानाची यादी करून सह्या घ्यायच्या म्हणजे संसार अविश्वासाने सुरू करायचा. मग मला सांगा, लग्नाच्या नोंदवहीत वधू-वर सही का करतात? साक्षीदार का लागतात? आपल्या देवळात आणि 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात नोंद आणि साक्ष यांना इतके महत्त्व का? तिथे कुणाला अविश्वास दिसत नाही. त्याच टेबलावर आणखी एक कागद ठेवला तर प्रेम कमी होत नाही. आणि ज्या घराला त्या कागदाचा राग येतो, त्या घराविषयी तो राग बरेच काही सांगून जातो.

वहीवरून आपल्या इंदूर धर्मप्रांताची धन्य सिस्टर राणी मरिया आठवते. उदयनगरकडच्या गरीब शेतमजुरांना तिने सावकाराच्या पाशातून सुटायला शिकवले, एकत्र व्हायला शिकवले. त्यासाठीच 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये तिची हत्या झाली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इथे इंदूरमध्ये तिला धन्य घोषित केले गेले, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण त्या मैदानात होतो. गरिबाच्या नावापुढे कर्जाचा आकडा चढू नये म्हणून जिने जीव दिला, तिचे नाव आपण प्रार्थनेत घेतो. आणि आपल्याच लग्नासाठी आपल्याच बाकावरचा माणूस कुणाकडून तरी उसने पैसे काढतो, कारण यादीत तीन हजारांच्या खाली काही उरले नव्हते. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, याचा आपण विचार करावा.

पोप फ्रान्सिस यांनी 2016 सालच्या ‘अमोरिस लेतीतिया’ या पत्रात लग्नाच्या तयारीविषयी लिहिले आहे (क्रमांक 212). पत्रिका, कपडे, मेजवानी आणि बारीकसारीक तपशील यांत पैसा तर जातोच, पण शक्ती आणि आनंदही आटतो, आणि जोडपे थकून वेदीपुढे येते, असे ते म्हणतात. वेगळे वागायचे धैर्य करा, दिखाव्याच्या आणि उपभोगाच्या लाटेत वाहून जाऊ नका, असा त्यांचा तरुणांना आग्रह आहे. महाराष्ट्रात 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्या समाजाने साधी, कमी खर्चाची लग्ने लावून दाखवली. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना ते जमले. आपल्याला एक ओळ पत्रिकेवरून खोडणे जमू नये?

नुसती टीका करून उठणार नाही. आपल्या धर्मग्रामात, आणि हे वाचणाऱ्या इतर मंडळ्यांतही, चार गोष्टी या हंगामापासून करता येतील.

पहिली. पत्रिकेवर किंवा गटावर वस्तूंची यादी नाही, बँक खात्याचा कोड नाही. ज्याला विचारायचे आहे तो घरी विचारील. परदेशातला काका फोन करील. जवळच्या माणसाने विचारले तर मोकळेपणाने गरज सांगा. त्यात काही वाईट नाही.

दुसरी. नव्या जोडप्याला खरोखर अडचण असेल तर घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने किंवा धर्मगुरूंनी ती मोजक्या लोकांच्या कानावर घालावी. मरियेने घातली तशी. मग देवळाच्या मागच्या बाजूला एक पेटी ठेवावी. नाव न लिहिता, ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे टाकावे. जमेल ते जोडप्याच्या हाती धर्मग्रामाच्या एकाच नावाने जाईल, आणि वधूच्या यादीतही त्याच नावाने लिहिले जाईल. कुणी दहा टाकले, कुणी दहा हजार, हे उजव्या हाताचे डाव्यालाही कळायला नको (मत्तय 6:3).

तिसरी. आहेराची रक्कम पुकारणे बंद. माइक प्रार्थनेसाठी आणि गाण्यांसाठी आहे.

चौथी. लग्नाच्या तयारीच्या वर्गात 1985 च्या नियमांप्रमाणे यादीचा कोरा कागद प्रत्येक जोडप्याला द्यायचा. हे काम मी माझ्या अंगावर घेते. दोन प्रती, एक वधूची, एक वराची. लग्नानंतर आठ दिवसांत भरा, सह्या करा, वधूची प्रत वधूच्या हाती. ती कुणाला दाखवायची नाही, कुणाशी तुलना करायची नाही. परत किती करायचे हे ठरवण्यासाठी ती उघडायची नाही. ती देवाच्या दयेने कधीच लागू नये. पण असावी.

मुलामुलींनो, तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या माळ्यावर तीन लेमन सेट साठतील, साठू द्या. एखादा देवळाच्या स्वयंपाकघरात द्या, एखादा शेजारच्या नव्या भाडेकरूला द्या. नको असलेली वस्तू घरात येणे हे फार मोठे नुकसान नाही. हवा असलेला माणूस दारातून परत जाणे हे नुकसान आहे, आणि ते कुठल्याच यादीत दिसत नाही.

ती गोधडी मी भाचीकडे घेऊन गेले. सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. पुढच्या रविवारी ती नवऱ्याला घेऊन त्या मावशींच्या घरी गेली, चहा पिऊन आली. मावशींना बरे वाटले असेल. पण लग्नाच्या पंगतीत त्यांची जागा रिकामी राहिली होती, ती काही आता भरून येत नाही. म्हणून हे लिहिले, की तुमच्या पंगतीत तशी जागा रिकामी राहू नये.

हे प्रभू येशू, तू काना गावच्या लग्नाला गेलास आणि त्या घराची लाज राखलीस. आमच्या मांडवातही ये. आमच्या वह्या मिटव, आमचे डोळे उघड. जो रिकाम्या हाताने येतो त्याला पुढच्या बाकावर बसवण्याची बुद्धी आम्हाला दे. आमच्या मुलींचे, आमच्या मुलांचे संसार सुखरूप राख. मरिये, आम्हाला काय कमी पडले आहे ते तुझ्या पुत्राला सांग. आमेन.